नाणेघाट: रांजणापलीकडचा हिशेब

१/ धसईच्या परिसरातून पूर्वेकडे सह्याद्रीची सलग भिंत दिसते. त्या भिंतीतील एक अरुंद खिंड म्हणजे नाणेघाट. पायथा ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, माथा पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या हद्दीत. वैशाखऱ्याजवळून जंगलातून चढणारी ही वाट दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणची बंदरे जुन्नर-पैठणशी जोडत होती.

२/ माथ्यावरचा दगडी रांजण सर्वांना ठाऊक आहे. व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा होई, असे परंपरा सांगते. मात्र तेथून जवळच असलेल्या लेण्यातील शिलालेखाच्या वाचता येणाऱ्या भागात जकातीचा उल्लेखही नाही.

३/ मग त्यात आहे काय? ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सातवाहन राणी नागनिकेने केलेल्या दानांची नोंद. धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव यांना वंदन; मग यज्ञ आणि त्यांची दक्षिणा. एका ठिकाणी ११,००० गायी व १,००० घोडे! हे आकडे भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनापैकी आहेत. शून्य नाही, हजाराच्या चिन्हाला दहाचे चिन्ह जोडून दहा हजार लिहिले आहेत.

४/ मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमारांच्या मूर्ती होत्या. आज नावे उरली आहेत आणि पावलांच्या खुणा.

५/ हे सारे राजधानीत न कोरता खिंडीत का कोरले? उत्तर लेखात नाही, जागेत आहे. कोकणातून चढून आलेला प्रत्येक तांडा येथे थांबणार. देशावर पाऊल ठेवण्यापूर्वीच राज्य कोणाचे, हे त्याला कळावे.

६/ ही सत्ता अबाधित राहिली नाही. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनानुसार कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. जुन्नरच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाच्या अमात्याचा लेख आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या साठ्यात नहपानाची हजारो नाणी गौतमीपुत्राने पुन्हा ठसवलेली आढळली.

७/ लेखाच्या कित्येक ओळी आज तुटक आहेत. झिजलेल्या प्रत्येक अक्षरासोबत सातवाहनांच्या आरंभकाळाचा एक पुरावा कमी होतो. जीवधन आणि खालचे कोकण न्याहाळून झाले की त्या भिंतींसमोर थोडा वेळ उभे राहावे. हात मात्र लावू नये.