हातोडा पडल्यानंतरचं बिल

परवा टीममधल्या एकाने ऑनलाइन लिलावात एक जुनं फाउंटन पेन जिंकलं. नऊ हजारांची बोली. साहेब खुशीत. दुसऱ्या दिवशी बिल आलं ते जवळपास बारा हजारांचं! नऊ हजारांवर 20 टक्के 'बायर्स प्रीमियम', त्या प्रीमियमवर जीएसटी, वर पॅकिंग आणि कुरिअर. "लूट आहे नुसती," असं तो दिवसभर म्हणत होता. पेन माझं नाही, पैसेही माझे नाहीत. पण जिंकणाऱ्याकडूनच वर फी घ्यायची, ही आयडिया मुळात कोणाच्या डोक्यातून आली, हा किडा माझ्या डोक्यात शिरला आणि शनिवार त्यात गेला.

तर मंडळी, लिलावावर कमिशन ही काही नवी गोष्ट नाही. 1875 साली पॉम्पेईच्या उत्खननात एका घरात मेणाच्या लाकडी पाट्या सापडल्या, दीडशेच्या वर. घर होतं कायकिलियस युकुंडस नावाच्या सावकाराचं. हा माणूस लिलावांना पैसा पुरवायचा. म्हणजे विकणाऱ्याला लगेच रोख द्यायची आणि घेणाऱ्याकडून नंतर वसूल करायची. या पाट्या म्हणजे बहुतेक त्या व्यवहारांच्या पावत्या. विकणारा लिहून देतो की अमुक रक्कम, 'मोबदला वजा करून', मला मिळाली. फी कापली जायची ती विकणाऱ्याच्या पैशातून. वर सरकारचा 1 टक्का वेगळा. ऑगस्टसने लावलेला लिलाव-कर. लोकांनी टिबेरियसकडे तो रद्द करायची मागणी केली, तर त्याने सांगितलं की सैन्याचा खजिना यावरच चालतो. (कर रद्द न करण्याची कारणं दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाहीत.)

लंडनमध्येही विसाव्या शतकात साधारण हीच रीत होती. कमिशन विकणाऱ्याकडून. घेणाऱ्याने पुकारली तेवढी रक्कम द्यायची आणि चित्र उचलायचं. हे बदललं 1975 साली. तेलाच्या संकटानंतरची मंदी, ब्रिटनमधली भयंकर महागाई, आणि घरातली चित्रं विकायला काढायला कोणी तयार नाही. विकणाऱ्याला ओढायचं तर त्याचं कमिशन कमी करायला हवं. मग ती भोक कुठून भरायची? ख्रिस्टीजने जाहीर केलं की यापुढे घेणाऱ्याने 10 टक्के जास्त द्यायचे. काही दिवसांतच सदबीजने तेच जाहीर केलं. चित्रं विकत घेणारे व्यापारी खवळले. बहिष्काराच्या धमक्या दिल्या, दोघांनी आतून संगनमत केलंय असा आरोप केला, कोर्टात गेले आणि शेवटी तडजोड झाली. प्रीमियम मात्र राहिला, आणि वाढत गेला.

संगनमत पुढे खरंच सापडलं. गंमत म्हणजे ते विकणाऱ्याच्या कमिशनबाबत होतं. 1995 मध्ये दोन्ही कंपन्यांनी महिन्याभराच्या अंतराने, यापुढे विक्रेत्याच्या कमिशनवर घासाघीस नाही, असं जाहीर केलं होतं. 2000 साली बिंग फुटलं. दोघांनी मिळून ग्राहकांना 51.2 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं आणि सदबीजचे आल्फ्रेड टॉबमन 2002 मध्ये तुरुंगात गेले.

आता थोडं गणित (सवय!). समजा एखाद्या वस्तूसाठी माझी पोहोच 12,700 रुपये आहे आणि प्रीमियम 27 टक्के. मी शहाणा असेन तर 10,000 ला थांबेन. म्हणजे वरचे 2,700 माझ्या बिलात दिसले तरी गेले कोणाच्या खिशातून? विकणाऱ्याच्या. पण हे तेव्हाच, जेव्हा बोली लावणारा प्रत्येक जण मनातल्या मनात 1.27 ने भागतो. लिलावाच्या तावात कोण भागतं हो?

ईबेवर याचा प्रयोगच झाला. तान्झीम हुसैन आणि जॉन मॉर्गन या दोघांनी सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम दोन प्रकारे लिलावाला लावले. एकदा सुरुवातीची बोली 4 डॉलर आणि पोस्टेज फुकट. एकदा बोली 1 सेंट आणि पोस्टेज 3.99. दोन्हीकडे किमान खर्च सारखाच. पण 1 सेंटवाल्या लिलावात गर्दी जास्त आणि शेवटी एकूण पैसेही जास्त! 2006 मध्ये हा निबंध छापून आला. विक्रेत्यांना ते आधीच कळलेलं होतं. ईबे आपलं कमिशन फक्त विक्रीच्या किमतीवर घ्यायची, म्हणून किंमत नाममात्र ठेवून पोस्टेज फुगवायचं. 2011 मध्ये ईबेने अमेरिकेत पोस्टेजवरही कमिशन लावलं तेव्हा हे जरा आटोक्यात आलं. (आपल्याकडची बाझी डॉट कॉम आठवतेय का कोणाला? 2004 मध्ये ईबेने ती विकत घेतली, पुढे तिची ईबे इंडिया झाली, आणि 2018 मध्ये तीही बंद.)

आता घरचं उदाहरण. एप्रिल 2025 मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती मध्यस्थामार्फत घेतली. लिलावगृहाने जाहीर केलेली किंमत 38,100 पौंड. याला 1.27 ने भागा. बरोबर 30,000! म्हणजे हातोडा 30,000 वर पडला आणि 8,100 पौंड प्रीमियमचे. मग वाहतूक, विमा, हाताळणी. सगळं मिळून 47.15 लाख रुपये. तलवार घरी आली याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्यातला प्रीमियमच नऊ लाखांच्या घरात जातो.

आपल्या बाजार समित्यांत गोष्ट याच्या बरोबर उलट होती. तिथेही रोज लिलावच होतो, पण आडत कापली जायची शेतकऱ्याच्या पट्टीतून. 2016 मध्ये राज्य सरकारने भाजीपाला आणि फळांची आडत खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला. लंडनने 1975 मध्ये धंद्यासाठी केलं तेच इथे कायद्याने, आणि इथेही व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. हमाली, तोलाई, गाडीभाडं मात्र पट्टीतच राहिलं. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरला एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा विकला. लिलावात भाव मिळाला किलोला एक रुपया. पट्टीत 512 मधून 509 रुपये 51 पैसे कापले गेले. उरले 2 रुपये 49 पैसे. त्याला चेक मिळाला तो दोन रुपयांचा, आणि तोही पुढची तारीख घालून.

पेनवाल्याला सोमवारी हे सांगणार आहे. तोवर त्याचं पार्सल आलं असेल.