सूट यंत्राला, खरखर शेजाऱ्याला

घरात जुना मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर एक छोटा प्रयोग करा. काटा ९६३ किलोहर्ट्झवर आणा. ही आकाशवाणी जळगावची मीडियम वेव्हवरची जागा. मग रेडिओ हळूहळू एलईडी बल्बजवळ, मोबाइलच्या चार्जरजवळ, इन्व्हर्टरजवळ न्या. खरखर वाढत जाईल. रेडिओ बिघडलेला नाही. त्या वस्तूंमधून विद्युतचुंबकीय लहरी बाहेर सांडतायत आणि रेडिओ त्या इमानेइतबारे ऐकवतोय.

माझं संशोधन या सांडण्यावरच्या नियमांच्या इतिहासावर आहे. त्यातही कारखान्यातल्या संगणकी यंत्रांना या नियमांतून सूट का मिळाली, या प्रश्नावर. विषय ऐकला की लोकांना वाटतं, हे सगळं अमेरिकेत नाहीतर युरोपात घडलेलं. पण या सुटीचा अर्थ मला सगळ्यात स्पष्ट कळतो तो जळगाव-धुळ्याकडे बघितल्यावर. कसा, ते सांगते.

खरखर येते कुठून?

कुठलाही संगणक वीज सतत चालू-बंद करत काम करतो. मग तो टेबलावरचा असो, नाहीतर कारखान्याच्या पॅनेलमधला पीएलसी. हे चालू-बंद जितकं झटकन, तितकी ऊर्जा मूळ वारंवारतेच्या वरच्या पटींमध्ये पसरते. समजा, पाइप काढणाऱ्या मशीनच्या मोटारीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह (कारखान्यात सगळे त्याला व्हीएफडी म्हणतात) सेकंदाला ९,००० वेळा वीज चालू-बंद करतोय. नऊ किलोहर्ट्झची १०७वी पट किती? बरोब्बर ९६३. प्रत्यक्षात गणित इतकं नेटकं नसतं, खरखर रुंद पट्ट्यात पसरते. पण तत्त्व हेच.

ही खरखर दोन वाटांनी जाते. एक हवेतून, दुसरी वायरीतून. मीडियम वेव्हच्या पट्ट्यात वायरीची वाट जास्त त्रास देते. मशीनमधून खरखर उलटी वीजपुरवठ्याच्या तारांत शिरते आणि एकाच डीपीवरच्या शेजारच्या घरांपर्यंत पोचते. त्या तारा मग अँटेनाचं काम करतात. ही 'एकच डीपी' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३३: लायसन्स रेडिओला, मोटारीला नाही

भारतातली पहिली सूट संगणक यायच्या कितीतरी आधीची आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने बिनतारी उपकरण बाळगायला परवाना सक्तीचा केला. घरातल्या रेडिओलासुद्धा. आजी-आजोबांना विचारा, रेडिओचं लायसन्स पोस्टात नेऊन दरवर्षी पैसे भरावे लागायचे.

त्याच कायद्याच्या व्याख्येत एक छोटा अपवाद होता. जी उपकरणं सर्वसाधारणपणे विजेच्या इतर कामांसाठी वापरतात, ती बिनतारी उपकरणं धरायची नाहीत. मुद्दाम बिनतारी संदेशांसाठी बनवली वा बदलली असतील तरच धरायची. हेतू सरळ होता. नाहीतर तांब्याच्या प्रत्येक तुकड्याला परवाना लागला असता! पण परिणाम बघा: ऐकणारा सरकारच्या वहीत नोंदला गेला आणि त्याच्या कानात खरखर ओतणारी मोटार, स्टार्टर, वेल्डिंग मशीन वहीच्या बाहेर राहिली.

लगेच पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, पॅरिसमध्ये 'सिस्प्र' ही आंतरराष्ट्रीय समिती भरली. रेडिओ प्रसारणात येणारा व्यत्यय मोजायचा कसा आणि किती चालवून घ्यायचा, हे ठरवणं तिचं काम. आजही जगभरातल्या मर्यादांचे आकडे मुख्यतः तिच्याच मानकांतून येतात.

तार खात्याचे कान

म्हणजे आपल्याकडे व्यत्ययाची कोणाला पर्वाच नव्हती का? होती की! पण कोणाला व्यत्यय येतोय, यावर ते अवलंबून होतं.

विजेच्या उच्चदाब वाहिनीशेजारून टेलिफोनची तार गेली तर तिच्यात प्रवर्तनाने वीज आणि गुणगुण येते. त्यामुळे तार आणि टेलिफोनच्या तारांना संरक्षण देणारं कलम १९१० च्या वीज कायद्यात होतं आणि २००३ च्या कायद्यातही आहे (कलम १६०). वीज आणि दूरसंचार या दोन खात्यांचा मेळ घालायला स्वतंत्र समन्वय समितीसुद्धा आहे. उच्चदाब वाहिनीचा मार्ग तिच्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो.

खान्देशातलं उदाहरण म्हणजे भुसावळची रेल्वे. इगतपुरी ते भुसावळ मार्गावर २५ हजार व्होल्टची एसी वीज आली. अशा विद्युतीकरणात रुळांलगतच्या तारायंत्राच्या उघड्या तारा जशाच्या तशा ठेवता येत नाहीत, त्या जमिनीखालच्या केबलमध्ये न्याव्या लागतात. हा खर्च विद्युतीकरणाच्या कामातच धरलेला असतो. का? कारण समोर तक्रार करणारं एक अख्खं सरकारी खातं होतं, त्याच्याकडे अभियंते होते, मोजणीची यंत्रं होती आणि कायद्याचं कलम होतं.

शेतात झाडाला ट्रान्झिस्टर टांगून बाजारभाव ऐकणाऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

१९७९: अमेरिकेतली भिंत

आता संगणकांकडे येऊ. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत घरोघर व्हिडिओ गेम आणि छोटे संगणक आले आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पट्टे दिसायला लागले. १९७९ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, संगणकी उपकरणांसाठी नियम केले. व्यापारी आणि औद्योगिक जागेसाठी 'क्लास ए', घरगुती वापरासाठी 'क्लास बी'. बी कडक, ए सैल. नियम नुसते कागदावर राहिले नाहीत. टीआरएस-८० हा तेव्हाचा गाजलेला संगणक त्यांत बसत नव्हता, म्हणून १९८१ मध्ये त्याचं पहिलं मॉडेल बंद करावं लागलं.

पण याच नियमांत काही उपकरणं वगळलेली आहेत. त्यात एक नोंद अशी: जे डिजिटल उपकरण केवळ औद्योगिक कारखान्यात किंवा वीज-पाण्यासारख्या सार्वजनिक सेवेत नियंत्रणासाठी वापरलं जातं, त्याला तांत्रिक मर्यादा लागू नाहीत. सार्वजनिक सेवेच्या बाबतीत अट अशी, की ते उपकरण संस्थेच्या स्वतंत्र इमारतीत किंवा मोठ्या खोलीत असावं. ग्राहकाच्या घरी बसवलेल्या उपकरणाला ही सूट नाही.

ही सूट म्हणजे सगळं माफ, असंही नाही. त्रासदायक व्यत्यय आला तर यंत्र थांबवावं लागतं. आणि सूट नसलेल्या क्लास ए यंत्रावर इशारा छापलेला असतो: घरगुती वस्तीत वापरल्यास व्यत्यय येऊ शकतो आणि तो वापरणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने दूर करायचा.

या सुटीमागचा विचार खुळचट नव्हता. कारखान्यातली नियंत्रण यंत्रणा जागेवर जोडली जाते, प्रत्येक ठिकाणी वायरिंग वेगळं. ती उचलून प्रयोगशाळेत नेणार कशी? शिवाय कारखान्याला भिंत असते, आवार असतं, शेजारी लांब असतो, पदरी इलेक्ट्रिशियन असतात. म्हणजे या सुटीत एक नकाशा गृहीत धरलेला आहे: इकडे कारखाना, तिकडे घरं, मध्ये अंतर.

खान्देशात ती भिंत कुठे?

असा नकाशा खान्देशात एके काळी होता. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल. मोठं आवार, उंच भिंत. पण संगणकी नियंत्रण आलं तोवर या गिरण्यांचा काळ सरत आला होता. ते आलं पीव्हीसी पाइप, चटई, डाळ मिल, जिनिंग, यंत्रमाग यांच्या खान्देशात. यातला बराच उद्योग एमआयडीसीत आहे, हे खरं. पण बराच नाहीही. धुळ्यात यंत्रमाग वस्तीतच चालतात. गावातली पिठाची गिरणी, छोटी डाळ मिल, वर्कशॉप, सगळं घरांना लागून.

आता आकडे बघा. सिस्प्रच्या मानकांमध्ये 'घरगुती परिसर' कशाला म्हणायचं? यंत्रापासून १० मीटरच्या आत रेडिओ किंवा टीव्ही असण्याची शक्यता असेल तर. दुसरी कसोटी वीजपुरवठ्याची: राहत्या घरांना वीज देणाऱ्या लघुदाब वाहिनीवरच यंत्र जोडलेलं आहे का? म्हणजेच आपली 'एकच डीपी'. दोन्ही कसोट्या लावल्या तर वस्तीतला माग किंवा गिरणी 'औद्योगिक' ठरतच नाही, घरगुती ठरते. तिथे लागणाऱ्या यंत्राला क्लास बी हवा.

फरक केवढा? वायरीतून जाणाऱ्या खरखरीची मर्यादा ९६३ किलोहर्ट्झला क्लास बीसाठी ५६ डेसिबल-मायक्रोव्होल्ट, तर लहान क्लास ए यंत्रांसाठी ७३. सतराच डेसिबलचा फरक, असं वाटेल. पण डेसिबलचं गणित गुणाकाराचं असतं. व्होल्टेजमध्ये हा फरक सात पट आहे आणि शक्तीमध्ये पन्नास पट. नियमात चोख बसणारं क्लास ए यंत्रसुद्धा घरांच्या तारेवर पन्नास पट खरखर सोडू शकतं. नियम मोडला नाही, नकाशा चुकला.

२०१२: ८० किलोची सूट

तुम्ही म्हणाल, आता तर आपल्याकडे संगणकांवर बीआयएसचा शिक्का लागतो. लागतो. २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशात सुरुवातीला १५ प्रकारच्या वस्तू होत्या: लॅपटॉप, प्रिंटर, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि 'स्वयंचलित डेटा प्रक्रिया यंत्र', म्हणजे संगणक. पण संगणकासाठी जे मानक लावलं ते सुरक्षेचं. शॉक बसेल का, आग लागेल का, हे ते विचारतं. शेजारच्या रेडिओत खरखर येईल का, हे विचारत नाही.

या आदेशालाही सूट आहे, 'अतिविशेष उपकरणां'साठी. एका मॉडेलचे वर्षाला १०० पेक्षा कमी नग आणि पुढीलपैकी एक अट: थ्री फेजवर चालणारं, किंवा सिंगल फेजवर १६ अँपिअरपेक्षा जास्त घेणारं, किंवा दीड मीटर बाय ०.८ मीटरपेक्षा मोठं, किंवा ८० किलोपेक्षा जड. विचार ओळखीचा वाटतो ना? जड आहे, थ्री फेज आहे, म्हणजे कारखान्यातलंच असणार. म्हणजे जाणकार माणसंच हाताळणार. पुन्हा तोच नकाशा. खान्देशात थ्री फेज विहिरीवर असतं, गिरणीत असतं, मागावर असतं.

युरोपने १ जानेवारी १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या विद्युत उपकरणांना उत्सर्जनाची अट सक्तीची केली. आपल्याकडे दूरसंचार आणि वाहनांसारख्या क्षेत्रांत अशी सक्ती आहे, सर्वांसाठी एकच कायदा नाही.

एक दुर्बीण आणि एक ट्रान्झिस्टर

महाराष्ट्रातच उलटं उदाहरण आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. रेडिओची खरखर कमी, म्हणूनच ती जागा निवडली. पुणे-नाशिक नव्या रेल्वेमार्गाने दुर्बिणीला व्यत्यय येईल असा आक्षेप आला, तेव्हा मार्ग बदलायचा निर्णय झाला. योग्यच झालं. दुर्बिणीला मोजता येतं, कागदावर मांडता येतं, दिल्लीपर्यंत पोचता येतं.

तार खातं, दुर्बीण आणि अमेरिकेतला टीव्ही असलेला शेजारी या तिघांत एक साम्य आहे: तिघांनाही तक्रार करता आली. सूट यंत्राचं वजन, फेज, जागा बघून दिल्यासारखी दिसते. खरं तर ती शेजारी कोण आहे, यावर ठरते. शेजारी गप्प असेल तर सूट आपोआप रुंदावत जाते.

संशोधक म्हणून माझी अडचण इथेच आहे. इतिहास लिहायला कागद लागतात आणि इथे कागद तक्रारीतून तयार होतात. खरखर आली म्हणून ज्याने रेडिओ बंद करून खुंटीला टांगला, त्याची फाइल कुठल्याच कार्यालयात नाही. ती नाही म्हणून त्रासही नव्हता, असं मात्र मी लिहू शकत नाही.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या. तुम्ही नवं पॅनेल किंवा ड्राइव्ह घेत असाल तर ऑर्डर देतानाच विचारा: क्लास ए की बी? फिल्टर आतच आहे की वेगळा? शील्ड केलेली केबल सोबत येते का? मशीन बसल्यावर हेच काम महाग पडतं, आणि खरखर फक्त शेजाऱ्याला छळत नाही, तुमचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटाही चुकवू शकते. आणि तुमच्या घरी, तुमच्या गावात कोणाला आठवत असेल की अमुक गिरणी सुरू झाली की रेडिओ ऐकू यायचा नाही, तर मला लिहून पाठवा. गाव, साधारण वर्ष, कुठलं मशीन, रेडिओ किती लांब, एवढं पुरे.