नेहमीचे पक्षीही लिहा

नवलखीच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच आखाताचं गढूळ पाणी कापत निघाली आहे. साल 1944, महिना जानेवारीचा. मुंबईहून रेल्वेचे डबे बदलत तुम्ही इथवर आला आहात. मोबाइल, जीपीएस, आवाजावरून पक्षी ओळखून देणारं अ‍ॅप, सगळं मागे राहिलं. अंगात खाकी सदरा, गळ्यात जडशी दुर्बीण, खिशात पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणि दोन पेन्सिली. पलीकडे कांडला लागेल, तिथून अरुंद रुळांवरची छोटी गाडी तुम्हाला भुजला नेईल. स्टेशनबाहेर चहा घेऊन तुम्ही रुपया पुढे कराल तेव्हा उरलेले पैसे कोरीत मिळतील, कारण कच्छ संस्थानाचं नाणं वेगळं आहे. हातातली चांदीची कोरी उलटसुलट करून पाहा. तिच्यावर इंग्लंडच्या राजाचं नाव आहे आणि महाराव विजयराजजींचंही.

या महारावांच्याच बोलावण्यावरून सालिम अली कच्छात काम करताहेत. सत्तेचाळिशीतला, अंगानं किरकोळ, पायानं चिवट माणूस. 1931-32 मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थान पालथं घातलं, मग त्रावणकोर आणि कोचीन. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं हे त्या काळातलं मोठं काम: संस्थानामागून संस्थान घ्यायचं आणि तिथे कोणता पक्षी, कुठे, कोणत्या महिन्यात दिसतो हे स्वतः चालून लिहून काढायचं. या हिवाळ्यात तुम्ही त्या तुकडीत आहात. तुमच्याकडे एकच काम आहे, मोजायचं आणि लिहायचं.

रणाच्या कडेला

पहाटेचे साडेपाच. बन्नीच्या गवताळ सपाटीवर, छारी ढंढीच्या काठाशी तुम्ही घोंगडी लपेटून बसला आहात. ढंढ म्हणजे पावसाचं पाणी साठून झालेलं उथळ तळं. उत्तरेला मोठं रण. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं, हिवाळ्यात वाळून त्यावर मिठाची साय धरते. अंधारात काहीच दिसत नाही, पण समोरचं पाणी बोलतं आहे. घशातल्या घशात, थरथरत, एकाला दुसरा जोडून हजारो आवाज.

फटफटलं की काठ हलायला लागतो. ज्याला तुम्ही करडा चिखल समजत होतात ते करकोचे होते. मध्य आशियातून आलेले. रात्री ते असे घोटाभर पाण्यात उभे राहतात, म्हणजे कोल्हा आला तर पाण्याचा आवाज आधी कळावा. सोबतचा मालधारी, म्हणजे इथला गुराखी, त्यांना कुंज म्हणतो, आणि ते कोणत्या दिशेला उडतील हे तो वाऱ्यावरून आधीच सांगतो.

आता मोजा. एकेक पक्षी मोजत बसलात तर निम्मे उडून जातील. आधी दहा मोजा आणि ते दहा डोळ्यात किती जागा घेतात ते धरा. तसे दहा तुकडे जोडून शंभराचा ठोकळा करा. मग तो ठोकळा थव्यावर टेकवत न्या. पहिल्या दिवशी आकडा चुकेल. आठवड्यानं डोळा बसेल.

करकोचे गेले की मागे वारकरी उरतात, काळे, पांढऱ्या कपाळाचे, पाण्यावर दिंडीसारखे चाललेले. थापट्या बदकं चोचीनं पाणी गाळताहेत, तलवार बदकं शेपट्या वर करून बुडी मारताहेत. गवतावर एक भोवत्या अगदी खालून तरंगत जातो, पंख इंग्रजी व्हीसारखे उचललेले.

तो दिसेनासा झाला तरी तुम्ही बघत राहता, कारण क्षितिजापर्यंत मध्ये काहीच येत नाही. तुम्ही ज्या काळातून आलात तिथल्या बन्नीत गांडो बावळाचं काटेरी रान माजलं आहे. ते झाड इथे 1961 नंतर मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. आज गवत आहे, गवतात तुरळक झाडं आहेत, आणि म्हशींच्या गळ्यातल्या घंटा लांबवर ऐकू येतात.

शेतात

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे, उंटावरून. ढंढीवरचे करकोचे इथे पुन्हा भेटतात. कापणी झालेल्या ज्वारी-बाजरीच्या रानात सांडलेले दाणे ते टिपताहेत. रात्र काढायची रणाच्या पाण्यात आणि पोट भरायचं माणसाच्या शेतात, असा त्यांचा दिवस आहे. ढंढ राखली आणि शेत गेलं, तरी हा पक्षी उपाशी राहील. सर्वेक्षण रण, शेत आणि किनारा असं सगळीकडे का करायचं, याचं उत्तर तुम्हाला हा थवा न बोलता देतो.

शेतात मोजायची रीत वेगळी. तिघांनी पन्नास पावलांचं अंतर ठेवून एका रेषेत चालायचं. पायाखालून लावा फर्र करून उडतो. चंडोल ढेकळाआडून उठतात, थोडं जाऊन पुन्हा ढेकळासारखेच होतात. बोरीच्या शेंड्यावर गप्पीदास. विहिरीवर मोट चालू आहे, आणि पाटाच्या ओल्या कडेनं धोबी शेपूट हलवत चालला आहे. नांगरटीत टिटव्यांचा एक छोटा गट दिसतो. नेहमीच्या टिटवीसारखा नाही. डोक्यावर गडद टोपी, पांढरी ठळक भुवई. कझाकस्तानच्या गवताळ पठारांवरून आलेली ही टिटवी तुमच्या काळात जगातून नाहीशी होण्याच्या कडेला उभी आहे. तुमचा हात थरथरतो. तरी लिहा: सात. जागा, वेळ, शेतात काय पेरलं होतं, सगळं.

अबडासाच्या माळावर संध्याकाळी एक माळढोक चालत जातो. मान ताठ, पावलं सावकाश. दिवसभर उन्हात तापलेली सगळी माणसं एकदम गप्प होतात.

परतीच्या वाटेवर गावाबाहेर मेलेली म्हैस पडली आहे. तिच्यावर गिधाडं. झाडावर आणखी गिधाडं, आभाळात गोल फिरणारी आणखी. पांढऱ्या पाठीची, प्रत्येक गावाबाहेर असतात तशी. तुमचा उंट पुढे जातो. वही खिशातच राहते.

किनाऱ्यावर

मांडवीला रुक्मावतीच्या मुखाशी सुतार गलबतांच्या फळ्या ठोकताहेत. तिथून पूर्वेला, मुंद्र्याच्या बाजूच्या खाड्यांत, ओहोटीची वाट पाहत तुम्ही चेरच्या झुडपांशी बसता. चेर म्हणजे इथली तिवरं. आखातात भरती-ओहोटीचा फरक मोठा. पाणी मागे सरकतं आणि बघता बघता मैलभर चिखल उघडा पडतो.

त्या चिखलावर सगळी उत्तर दिशा उतरलेली आहे. सैबेरियाहून आलेले मुठीएवढे तुतवार पाण्याच्या कडेनं धावत वरवर टोचताहेत. कोरल आपली लांब बाकदार चोच मुळापर्यंत खुपसून खोलातला किडा ओढतो. कालवफोड्या शिंपले उघडतो. चोचीची लांबी वेगळी, म्हणून चिखलाचा थर वेगळा, म्हणून एवढे पक्षी एकाच ताटात जेवू शकतात. थोडं अलग, काळेपांढरे खेकडाखाऊ पक्षी उभे आहेत, जाड चोचीचे, खेकड्याच्या बिळाकडे टक लावून. लांब पाण्यात रोहितांची रांग, माना खाली, चोची उलट्या धरून पाणी गाळणारी.

इथे मोजणी भरतीच्या वेळी सोपी जाते. पाणी चढतं तसे पक्षी मागे मागे सरतात आणि शेवटी एका उंचवट्यावर दाटीनं उभे राहतात. तेवढ्या तासाभरात आकडा घ्यायचा.

कंदिलाच्या उजेडात

रात्री तंबूत दुसरं काम सुरू होतं. या काळात सर्वेक्षण दुर्बिणीबरोबर बंदुकीनंही होतं. मेजावर सकाळी मारलेले तीन चंडोल आहेत. कातडं सोलून आतून आर्सेनिकचा साबण लावायचा, कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची: गाव, तारीख, नर की मादी, डोळ्यांचा आणि पायांचा रंग. त्वचेखाली चरबी किती, पिसं झडताहेत का, पोटातली जननग्रंथी केवढी, हेही. त्यावरूनच कळतं की हा पक्षी इथला रहिवासी आहे, पाहुणा आहे, की पुढे जाणारा वाटसरू. चिमुकला देह हातात घेताना तुम्हाला वाईट वाटतं. वाटू द्या. पण चिठ्ठी नीट लिहा. मुंबईच्या संग्रहात ती तुमच्या जन्माआधीपासून कुणाची तरी वाट पाहत राहणार आहे.

मग वह्या जुळवल्या जातात. सगळ्यांच्या वहीत करकोचे आहेत, ती वेगळी टिटवी आहे, माळढोक तर अक्षर मोठं करून लिहिला आहे. गिधाडांच्या ओळीसमोर तुमचं पान कोरं आहे.

गिधाडं नेहमीचीच, ती काय लिहायची, असं तुम्हाला वाटलं होतं. आणि या तंबूत एकट्या तुम्हालाच पुढचं माहीत आहे. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाईल, त्यांची मूत्रपिंडं निकामी करेल, आणि पांढऱ्या पाठीच्या शंभर गिधाडांमागे एकही धड उरणार नाही. त्या औषधावर 2006 मध्ये बंदी येईल, तोवर आभाळ रिकामं झालेलं असेल. तुम्ही इथे कुणाला हे सांगू शकत नाही. आठवून लिहू तेवढं शकता. म्हशीवर किती होती? झाडावर? डोळे मिटा, दहा-दहाचे ठोकळे लावा. पेन्सिलीला टोक करा.

परत

1945 मध्ये 'द बर्ड्‌स ऑफ कच्छ' छापून येतं. त्यात दुर्मिळ पाहुण्यांच्या शेजारी चिमणी-कावळ्यांनाही जागा आहे.

आता तुम्ही तुमच्या काळात, त्याच अबडासाच्या माळावर उभे आहात. हातात चांगली दुर्बीण, खिशात जीपीएस. कच्छात आता माळढोकाच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माद्या उरल्या आहेत, नर नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गेलेल्या मराठी माणसाला हे दुःख वेगळं सांगायला नको. दिवस मावळेपर्यंत तुम्ही थांबता. माळढोक येत नाही. आभाळात गिधाड नाही.

1987 पासून दर जानेवारीत आशियाभरच्या पाणवठ्यांवर पाणपक्षी मोजले जातात. त्या कामाला तुम्ही एकदा तरी जा. जायकवाडीला जा, भिगवणला जा, नाहीतर आपल्या शिवारातल्या विहिरीवर बसा. साळुंकी लिहा, बगळा लिहा, टिटवी लिहा.

माळावर अंधार पडतो आहे. तुम्ही वही काढता आणि माळढोकासमोर शून्य लिहिता, गिधाडांसमोरही शून्य. कंदिलाच्या उजेडात कुणीतरी आकडा लिहून ठेवला होता, म्हणूनच या शून्याला आज अर्थ आहे.