जात्यापाशी जन्मलेले शब्द

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की तुमच्यापैकी अनेकांची पावले जनाबाईच्या जात्याकडे वळतात. खुंट्याला हात लावून आपण नमस्कार करतो. त्या जात्याने मराठीला काय दिले, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

ओवी ज्ञानोबारायांच्याही आधीची. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात. म्हणजे पोथीत येण्याआधी ओवी उखळापाशी नांदत होती. पुढे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, माउलींनी गीतेवरची टीका सांगितली ती ओवीतच. रूप थोडे बदलले, पण आयाबायांच्या ओठांवरचा छंद गीतार्थाला वाहून नेण्याइतका समर्थ ठरला.

जनी तर त्या छंदाच्या घरचीच. गंगाखेडची ही पोर पंढरपुरात दामाशेटींकडे आली आणि नामदेवरायांच्या घरी दासी म्हणून राबली. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणे, पाणी भरणे, हेच तिचे जग. तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत. त्यांत पांडुरंग भेटतो तो याच कामांत. तो तिच्याबरोबर दळतो, केर भरतो, शेण्या वेचू लागतो.

आम्ही कीर्तनकार हा प्रसंग रंगवून सांगतो आणि श्रोत्यांचे डोळे भरतात. भरावेतच. पण एवढे ध्यानात घ्या: देवाला खुंटा धरावा लागला, कारण त्या खुंट्याला दुसरा हात नव्हता. दासीचे कष्ट गाळून नुसती गोडी घेतली, तर जनी अर्धीच हाती लागते.

हे जनीपाशी संपले असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या काळात खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतही बाया वैरण घालता घालता विठ्ठल-रखुमाईशी बोलतात, आणि सासरचा जाचही सांगतात.

आता जाते कोपऱ्यात गेले, गिरणी आली. घरातले काम मात्र सरलेले नाही. भाकऱ्या, धुणी, आजाऱ्याची उठबस चालूच आहे, आणि बहुधा एकाच माणसावर. तेव्हा गोपाळपुरी जात्याला हात लावून घरी परतलात की, त्या कामालाही हात लावा. विठ्ठलाला ज्याची लाज वाटली नाही, त्याची त्याच्या वारकऱ्याला कसली लाज?