पोचा आलेलें दार

मोटारीच्या दाराला आलेला पोचा हा इतिहासाचा विषय होऊं शकतो असें म्हटलें, तर पुष्कळांना हसूं येईल. इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि सनदा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु ज्या वस्तूवर शहरांतल्या मध्यम स्थितीच्या कुटुंबानें अनेक वर्षांची शिल्लक खर्च केली, ती वस्तु बिघडली तेव्हां त्यानें काय केलें, ती कोणाकडे नेली आणि किती थोडक्यांत भागविलें, हाहि त्या शहराच्या चरित्राचाच एक भाग आहे. आजच्या भाषणासाठीं मीं दार हाच अवयव निवडला आहे. अपघात क्वचित् होतो. दाराला पोचा मात्र उभ्या गाडीलाहि येतो. शेजारच्या गाडीचें दार लागतें, हातगाडीचा दांडा लागतो, क्रिकेटचा चेंडू लागतो. या शेवटच्या कारणाविषयीं शिवाजी पार्कच्या रहिवाशांना अधिक सांगावयास नको.

शिवाजी पार्कची वस्ती मोटारीहून धाकटी आहे. मुंबईंत मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. हें मैदान महापालिकेनें खुलें केलें १९२५ सालीं, आणि १९२७ सालीं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें, त्याला शिवछत्रपतींचें नांव मिळालें. भोंवतालच्या तीन-चार मजली इमारती मुख्यतः १९३० नंतरच्या. त्या उठल्या तेव्हां एका इमारतींत एखाद्या डॉक्टरांची किंवा वकिलांची मोटार असावयाची. पुढें बिऱ्हाडागणिक गाडी येऊं लागली, रस्ता मात्र तेवढाच राहिला. कडेला गाडीस गाडी लागून उभी राहूं लागली, आणि दारें दारांवर आपटूं लागलीं.

त्या पहिल्या पिढीच्या कित्येक गाड्यांची जोडणी मुंबईंतच होत असे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें १९२८ सालीं शिवडीस जोडणीचा कारखाना काढला. सुटे भाग पेटाऱ्यांतून जहाजानें येत आणि येथें त्यांची गाडी होई. दादरहून शिवडी कांहीं दूर नाहीं. परंतु दार जोडणें निराळें आणि दार घडविणें निराळें. ज्या सांच्यांत दाबून तें पोलादी दार निघे, ते सांचे समुद्रापलीकडे होते. एखादें दार निकामी झालें, तर दुसरें मागविणें म्हणजे आगबोटीची वाट पाहणें. म्हणून येथील गाडीवाल्याला पहिल्यापासून एकच मार्ग मोकळा राहिला. तो म्हणजे आहे तेंच दार सरळ करून घेणें. काटकसर ही त्याची आवड असो वा नसो, ती त्याच्यावर लादलेली होती.

दार कशाचें असतें, यावर तें किती स्वस्तांत नीट होतें हें अवलंबून असतें. आरंभीं मोटारीचा सांगाडा घोडागाडीसारखा लांकडाचाच असे आणि त्यावर पत्रा मढविलेला असे. अशा दाराला धक्का बसला तर सुतारहि बोलवावा लागे. अमेरिकेंत एडवर्ड बड या कारखानदारानें सबंध पोलादी अंगाची गाडी करण्याचा घाट घातला. १९१४ मध्यें डॉज बंधूंनीं तीं अंगें पत्करलीं, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत लांकूड मागें पडत गेलें. दार म्हणजे आतां पत्र्याचे दोन पदर झाले. बाहेरचा गुळगुळीत, आंतला भोंकें पाडलेला, आणि कडेला एक दुसऱ्यावर दुमडलेला. सुताराचें काम गेलें. पत्रा ठोकणाराचें वाढलें.

हा पत्रा ठोकणारा मात्र आपल्याकडे नवा नव्हता. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत आजहि तांब्याचें भांडें मठारलें जातें. मुंबईंत पायधुणीजवळच्या तांबाकांट्याचें तर नांवच तांब्याचें आहे. मठारणें म्हणजे नुसतें बडविणें नव्हे. घावागणिक धातूचा पत्रा थोडा पसरतो आणि थोडा कठीण होतो. घाव अति झाले तर तडकतो. म्हणून तांबट मधूनच भांडें भट्टींत तापवून मऊ करून घेतो आणि पुन्हां ठोकावयास बसतो. पोलादी दाराचें शास्त्र मुळांत हेंच आहे. मोटारीचीं दारें ठोकणारे सारे तांबटांचेच वंशज होते, असें माझें म्हणणें नाहीं; गॅरेजांत अनेक प्रांतांचे आणि अनेक धर्मांचे हात आले. परंतु ज्या शहरांत घरोघरचीं भांडीं ठोकून आणि कल्हई करून वर्षानुवर्षें वापरलीं जात, त्या शहरांत दार ठोकून घेण्यांत कोणाला कमीपणा वाटला नाहीं. दारावरच्या खळग्याला आपण पोचा म्हणतों, तो शब्दच मुळीं तांब्याघागरीचा आहे.

हा पोचा काढण्याची रीत पाहण्यासारखी असते. अजाण मनुष्य खळग्याच्या सर्वांत खोल जागीं मागून एक जोराचा घाव घालतो आणि एका पोच्याचे चार उंचवटे करून बसतो. जाणता कारागीर उलट क्रमानें जातो. धक्का बसला तेव्हां मधला भाग प्रथम दबला आणि कडेची सुरकुती सर्वांत शेवटीं पडली. तेव्हां सोडवितांना ती सुरकुती आधीं सुटली पाहिजे. खरें पाहतां खळग्याचा बराचसा भाग बिघडलेला नसतोच. कडेच्या त्या घट्ट रेषेनें त्याला आंत अडकवून ठेवलेलें असतें. ती रेषा सैल झाली कीं पत्रा आपल्या अंगच्या ताणानेंच पुष्कळसा परत येतो, कधीं कधीं तर चांगला आवाज करून.

यासाठीं दाराचें आंतलें अस्तर उतरवावें लागतें. मग एका हातानें लोखंडी ठोकळा खळग्याच्या तळाशीं आंतून दाबून धरावयाचा, आणि दुसऱ्या हातानें हलकी हातोडी बाहेरून, कडेच्या उंचवट्यावर, चालवावयाची. असें केलें म्हणजे पत्रा न पसरतां सरळ होत जातो. तोच ठोकळा नेमका हातोडीखालीं आला, तर पत्रा दोहोंमध्यें चेपून पसरतो. एक-दोन बोटांच्या या अंतरावर सारें काम अवलंबून आहे. पसरलेल्या पत्र्याचा फुगवटा डब्याच्या झांकणासारखा टकटक आंतबाहेर होऊं लागतो, आणि मग कितीहि ठोकलें तरी तो वाढतच जातो. त्यावर उपाय उष्णतेचा. नाण्याएवढी जागा लाल होईपर्यंत तापवून लगेच ओल्या फडक्यानें थंड केली, कीं तेवढा पत्रा आंखडतो आणि फुगवटा बसतो. शेवटीं कारागीर पातळ फडकें ठेवून त्यावरून तळहात फिरवितो. डोळ्याला न दिसलेला उंचवटा तळहाताला लागतो.

एवढें करूनहि जो बारीक खोलगटपणा उरे, तो जुन्या पद्धतींत शिसें झाळून भरीत. तीस भाग कथिल आणि सत्तर भाग शिसें यांचा मिश्रधातु सेल्सिअसच्या १८३ अंशांवर मऊ होऊं लागतो आणि पुढें बराच वेळ लोण्यासारखा राहतो. लांकडाच्या पट्टीनें तो हवा तसा पसरतां येतो. तो पोलादाशीं एकजीव होतो आणि आंत पाणी शिरूं देत नाहीं. त्याचा धूर आणि कानशीनें निघणारा कीस मात्र विषारी. त्या स्वस्त आणि टिकाऊ कामाची खरी किंमत गाडीच्या मालकानें दिली नाहीं, ती कारागिराच्या देहानें दिली, हें येथें नमूद केलेंच पाहिजे.

रंगाची गोष्ट थोडक्यांत सांगतों. कुंचल्यानें देण्याचा जुना रोगणी रंग थरावर थर देऊन पुरा वाळण्यास आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीचा ड्यूको हा फवारण्याचा, झटपट वाळणारा रंग निघाला, आणि सबंध गाडी अडकवून न ठेवतां एकट्या दाराला रंग देणें शक्य झालें. आपल्या रंगाऱ्यांच्या तोंडीं हें नांव असें बसलें, कीं लांकडी कपाटावर फवारलेल्या रंगालाहि ते आज ड्यूकोच म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धांत नव्या गाड्यांची आवक आटली. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि तिचा कारखाना कुर्ल्यास निघाला. गाड्या नुसत्या जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारच्या नव्या धोरणांत स्थान उरलें नाहीं. शिवडीचा कारखाना १९५४ मध्यें बंद झाला. कुर्ल्याच्या कारखान्यानें इटलीच्या फियाटशीं करार केला. तिची पहिली गोल अंगाची गाडी मुंबईकरांनीं ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली. तिच्या पुढच्या दाराची बिजागरी मागच्या बाजूस होती, आणि दार पुढून उघडे. चालत्या गाडींत तें चुकून उघडलें, तर वाऱ्यानेंच मागें फेंकलें जावयाचें. दाराचा पत्रा बिजागरीपाशीं मुरगळण्यास याहून सोईची रचना शोधूनहि सांपडली नसती.

१९६४ पासून निघालेली फियाट ११०० डिलाइट ही पुढें प्रीमियर पद्मिनी झाली आणि शतकाच्या अखेरीपर्यंत, वरवरचे फरक सोडले तर, तशीच निघत राहिली. नव्या गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षें मोजावीं लागत. म्हणून हातची गाडी मोडींत काढण्याचा विचारहि कोणी करीत नसे. मला वाटतें, मुंबईंतील स्वस्त दुरुस्तीचें खरें रहस्य येथें आहे. मजुरी कमी होती हें कारण सर्वजण देतात. परंतु त्याहून मोठें कारण असें, कीं तीन दशकांहून अधिक काळ एकच घडण टिकल्यामुळें त्या दाराचा प्रत्येक बांक, प्रत्येक कड शहरांतल्या कारागिरांना पाठ झाली होती. मोडलेल्या एका गाडीचें दार दुसरीला बसे. टॅक्सी असेल तर काम त्याहून सोपें, कारण तिचें अंग काळें आणि टप तेवढें पिंवळें; काळ्या दाराला काळा रंग जुळविण्यास परीक्षक लागत नाहीं. टॅक्सीवाल्याला गाडी दिवसभर उभी ठेवणें म्हणजे त्या दिवसाचें उत्पन्न बुडविणें, त्यामुळें त्या कारागिरांच्या हाताला वेगहि आला. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस गेला तो २९ ऑक्टोबर २०२३ रोजीं. त्या दिवशीं वर्तमानपत्रांतून गाडीला निरोप देण्यांत आला. तिचीं दारें ठोकणाऱ्या हातांची आठवण फारशी कोणाला झाली नाहीं.

१९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली आणि काळ पालटला. पुढें नमुने दर दोन-चार वर्षांनीं बदलूं लागले, पत्रा पातळ होत गेला, रंगांत धातूची चमक मिसळली. एकट्या दाराचा रंग शेजारच्या पत्र्याशीं जुळविणें हेंच मोठें काम झालें. श्रोते विचारतील, मग आज थोडक्या पैशांत काय करावें? रंग उडाला नसेल, तर आंतून सळ्यांनीं हळूहळू रेटून पोचा काढतां येतो आणि रंगाचा सर्व खर्च वांचतो. ही रीत सर्वांत स्वस्त. विम्याकडे धांव घेण्यापूर्वीं हिशेब करावा. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्यानें सक्तीचा आहे, पण त्यांतून आपलें दार भरून निघत नाहीं. आपल्या गाडीचा विमा असेल, तर मागणी न केल्याबद्दल हप्त्यांतील त्या भागावर मिळणारी सूट वीस टक्क्यांपासून चढत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते; लहानशा पोच्यासाठीं ती घालवणें पुष्कळदां महागांत पडतें.

खरी फसगत होते ती लांबीनें. रंगारी जिला लांबी म्हणतात ती लुकणासारखी भरणी गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत शिशाच्या जागीं आली. ती विषारी धुरापासून सोडविणारी आणि स्वस्त, म्हणून तिचें स्वागतच केलें पाहिजे. पण ती सरळ केलेल्या पत्र्यावर पातळ थरानें द्यावयाची, दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक नव्हे. घाईचा कारागीर पोचा न काढतां खळगाच लांबीनें भरून टाकतो. दार त्या दिवशीं आरशासारखें दिसतें. पुढें उन्हानें आणि दाराच्या आदळआपटीनें थराला केंसाएवढी चीर पडते, तींतून पाणी शिरतें, आणि पत्रा आंतल्या आंत गंजतो. काम ठरवितांना पहिल्यानेंच सांगावें, कीं रंग देण्यापूर्वीं आम्हांला उघडा पत्रा दाखवा. प्रामाणिक कारागिराला या अटीचा राग येत नाहीं.

एके ठिकाणीं मात्र काटकसर करूं नये. आतांच्या अनेक गाड्यांच्या दारांत आडवा पोलादी अडसर असतो. भारतांत ऑक्टोबर २०१७ पासून नव्या नमुन्यांच्या मोटारींना बाजूच्या धडकेची कसोटी लागू झाली, आणि त्या कसोटींत तो अडसर महत्त्वाचें काम करतो. तो अति बळकट पोलादाचा असल्यामुळें तापविला तर त्याचें बळ जातें. तो वांकला असेल तर दार ठोकूं नये, बदलावें. जुन्या पद्मिनीच्या दाराचा नियम येथें लावणें धोक्याचें आहे.

शिवाजी पार्कासारख्या समुद्राकांठच्या वस्तींत आणखी एक गोष्ट विसरली जाते. दाराच्या खालच्या कडेला लहान लहान भोंकें ठेवलेलीं असतात. कांचेवरून आंत उतरलेलें पावसाचें पाणी त्यांतून निघून जावयाचें असतें. दुरुस्तींत तीं लांबीनें किंवा रंगानें बुजतात, पाणी आंत सांचतें, आणि खाऱ्या हवेंत दार तळापासून कुजूं लागतें. दुरुस्त झालेलें दार परत घेतांना खालीं वांकून तीं भोंकें पहावीं. बुजलेलीं असतील तर तेथल्या तेथें काडीनें मोकळीं करून घ्यावीं, आणि ठोकलेल्या जागेवर आंतल्या बाजूनेंहि गंजरोधक रंगाचा एक हात दिला आहे कीं नाहीं, हें अस्तर बसविण्याच्या आधीं विचारावें.