छोट्या व्हॉल्व्हचा भरदार आवाज

शिरूरजवळ भाड्याच्या खोलीत किंवा दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गिटार शिकणाऱ्याला एक प्रश्न पडतोच: साठवलेल्या पैशांत पाच वॉटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प येतोय, तो पुरेल का? मी म्हणतो, पुरेल. इतिहासच तसं सांगतो.

आजोबांचा रेडिओ आठवा. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाजच यायचा नाही. १९५३ साली आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं, तेव्हा घरोघरचे रेडिओ असेच. गिटारचा छोटा अ‍ॅम्प त्यांचाच भाऊ. अमेरिकेत लिओ फेंडरच्या कंपनीनं १९४८ साली शिकाऊंसाठी स्वस्तातला ‘चॅम्पियन’ काढला, तोच पुढे ‘चॅम्प’ झाला. पन्नासच्या दशकातल्या चॅम्पमध्ये मोजून तीन व्हॉल्व्ह, पाचेक वॉट आणि एकच बटण, आवाजाचं.

गंमत या बटणात आहे. ते बरंच वर नेलं की व्हॉल्व्हचा दम संपतो, ध्वनिलहरीची टोकं हळूहळू चेपली जातात आणि आवाज भरदार, किंचित खरखरीत होतो. ह्याच खरखरीला पुढे रॉकवाल्यांनी डोक्यावर घेतलं. पन्नास वॉटचा अ‍ॅम्प तिथवर नेला तर अख्खी आळी दारात येईल! पाच वॉटही खोलीत कमी नाहीत बरं का, रात्री जपून.

खरखर जास्त झाली तर गिटारवरचं बटण थोडं मागे घ्या, आवाज स्वच्छ होतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टला थेट लावू नका. आणि स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.