प्लेगची साथ आणि शास्त्राचा मान

लोककल्याणाचें कोणतेंही कार्य केवळ सदिच्छेनें अथवा केवळ हुकुमानें सिद्धीस जात नाहीं. त्यास शास्त्राची जोड लागते, हें तत्त्व आज कोणी नाकारणार नाहीं. परंतु ही जोड म्हणजे काय, हें ठरवितांना बहुधा घोटाळा होतो. शास्त्र म्हणजे औषधाची बाटली किंवा एखादें यंत्र, अशी आपली समजूत असते. वस्तुतः शास्त्र ही पुरावा तपासण्याची शिस्त आहे, आणि राज्यकारभारांत तीच सर्वांत दुर्मिळ असते. या म्हणण्यास आमच्याच प्रांतांतील प्लेगच्या साथीइतका बोलका दाखला क्वचितच सांपडेल.

1896 च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. आकासियो व्हिएगस यांनीं हा रोग ओळखला. त्याचा जंतु हाँगकाँग येथें 1894 सालींच यर्सिन यानें शोधून काढिला होता. परंतु तो माणसाच्या शरीरांत कोणत्या वाटेनें शिरतो, याचा उलगडा झाला नव्हता. ज्ञान अपुरें होतें, अधिकार मात्र पुरा होता. 1897 च्या फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला, आणि पुण्यांत रँडसाहेबांच्या देखरेखीखालीं गोऱ्या सोल्जरांनीं घरांच्या झडत्या आरंभिल्या. रोगी इस्पितळांत, नातलग छावणींत आणि सामानसुमान रस्त्यावर, असा क्रम चालला. देवघराची व माजघराचीही मर्यादा राहिली नाहीं. त्या संतापाचा परिणाम 22 जून 1897 च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाला, हें वाचकांस विदितच आहे.

आणि ज्या शत्रूसाठीं ही घरें धुंडाळिलीं, तो होता उंदरांच्या अंगावरील पिसवांत! 1898 सालीं कराचीस सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें हें प्रयोगानें दाखविलें. पण त्याचें म्हणणें बहुतेकांनीं मानलें नाहीं. 1905 सालीं नेमलेल्या मंडळानें मुंबईंत पुनः पुनः प्रयोग केले. प्लेगच्या घरांत जमिनीवर ठेविलेल्या पिंजऱ्यांतील जनावरांस रोग जडे. पिसूची उडी पोहोंचणार नाहीं इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील जनावरें वांचत. तेव्हां कोठें शंका फिटली. उंदीर पडूं लागले कीं घर सोडून रानांत झोपडी बांधावी, हें आमचे खेडवळ लोक मात्र दरम्यान अनुभवानें शिकले होते.

हाफकिन यांची कथा याहून उद्बोधक आहे. मुंबईंत तयार केलेली लस त्यांनीं 10 जानेवारी 1897 रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली व मग भायखळ्याच्या तुरुंगांतील खुषीनें पुढें आलेल्या कैद्यांस दिली. 1902 सालीं पंजाबांत मुल्कोवाल येथें एकाच बाटलींतील लस टोंचलेलीं 19 माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर लादण्यांत आला व त्यांस कामावरून दूर व्हावें लागलें. पुढें रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं पुरावा पुन्हां तपासून आवाज उठविला, तेव्हां 1907 सालीं त्यांच्यावरील कलंक दूर झाला. 1925 सालीं परळच्या त्या संस्थेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

या इतिहासांत शास्त्रही चुकलें, सरकारही चुकलें. भेद इतकाच कीं, शास्त्राजवळ आपली चूक शोधण्याची रीत होती. हुकुमाजवळ ती नव्हती. पिसवांची गोष्ट न मानणारे विद्वान पिंजऱ्यांपुढें नमले. झडतीच्या हुकुमास नमविण्याजोगा पिंजरा कोठेंच नव्हता, म्हणून लोकांच्या हातीं पिस्तूल आलें.

1897 चा तोच कायदा 2020 सालीं करोनाच्या साथींतही आपल्या देशांत उपयोगांत आणला गेला. अधिकाराचें आयुष्य असें दीर्घ असतें. म्हणून आम्हां नागरिकांचें मागणें असें असावें कीं, हुकुमाबरोबर त्याचीं कारणें सांगावीं, आंकडे उघडे ठेवावे, दोष देण्यापूर्वीं तपास करावा, आणि पुरावा बदलतांच हुकूमही बदलावा. ज्या राज्यांत एवढें घडतें, तेथें शास्त्रास खरा मान आहे. आणि तेथील प्रजा लस टोंचून घेण्यास हात आपण होऊन पुढें करते.